कचारगडचे गाणे आणि एका पाळकाची हस्तलिखिते

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्थानकावर उतरलेल्या माणसांची रांग धनेगावच्या वाटेने डोंगराकडे चालू लागते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा चहूकडून आलेले गोंड बांधव पिवळी वस्त्रे लेवून आपल्या मूळ स्थानाच्या दर्शनाला निघालेले असतात. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत काली कंकालीच्या तेहतीस मुलांना कोंडण्यात आले होते आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांना मुक्त केले, अशी त्यांची श्रद्धा आहे. लिंगोची कथा मुखोमुखी चालत आली. तिचे एक रूप कागदावर उतरले ते मात्र एका स्कॉटिश प्रॉटेस्टंट पाळकाच्या हातून. त्या हस्तलिखितांची हकिकत आपणा कॅथलिक कुटुंबांनीही जाणून घेण्याजोगी आहे.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते १८४५ च्या आरंभी नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, मराठी आत्मसात केली आणि सुट्टीच्या दिवसांत खडक व जीवाश्म गोळा केले. 'हिस्लोपाइट' नावाचे खनिज आणि १८८३ साली निघालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज यांतून त्यांचे नाव आजही टिकून आहे. पत्रलेखनाचा त्यांना मोठा व्यासंग होता. मायदेशीच्या मंडळीस ते कामाचा वृत्तान्त कळवीत, विद्वानांस भूगर्भाविषयी लिहीत आणि 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्रातून नागपूर प्रांताच्या कारभारातील दोष उघड करीत. त्यांच्या पत्रांचा आधार घेऊन जॉर्ज स्मिथ यांनी १८८८ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

परंतु त्यांच्या लेखनातील सर्वांत मोलाचा भाग त्यांच्या हयातीत कोणासच दिसला नाही. गोंड व इतर आदिवासींचे रीतिरिवाज, देवदेवता आणि शब्दसंग्रह ते वर्षानुवर्षे टिपून ठेवीत होते. गोंडांची वंशगाथा गाऊन जतन करणाऱ्या परधानाकडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत मूळ गोंडी शब्दांत उतरवून घेतले आणि त्याचा इंग्रजी अर्थ लावला. ज्या भाषेला दरबारात व शाळेत स्थान नव्हते, तिचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत असे त्यांना वाटले, हे विशेष होय.

४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले. सायंकाळी बोरीच्या मुक्कामाकडे परतताना पावसाने फुगलेल्या प्रवाहात ते बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. मागे राहिले ते अपुऱ्या टिपणांचे गठ्ठे. टेंपल यांनी ते जुळवून, प्रस्तावना लिहून १८६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ते कागद कोणी अडगळीत टाकले असते, तर ही पहिली नोंद कायमची गेली असती.

पुढे काय झाले तेही पाहावे. कॅप्टन फॉर्सिथ यांनी १८७१ साली आपल्या ग्रंथात हेच गीत काटछाट करून लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या चालीवर इंग्रजी पद्यात बसविले. वाचावयास ते सुबक वाटते, पण परधानाचा आवाज त्यात उरत नाही. अभ्यासकाला परत वळावे लागते ते हिस्लॉप यांच्या ओबडधोबड, शब्दाला शब्द लावलेल्या पाठाकडेच.

या पाठालाही मर्यादा आहेत. लेखक त्या काळचा मिशनरी होता आणि परधर्माकडे पाहण्याची त्याची दृष्टीही त्या काळचीच होती. त्याच्या गीतात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो व दारावर सोळा हात लांबीची शिळा ठेवतो. कचारगडच्या यात्रेत सांगितली जाणारी कथा तपशिलात निराळी आहे. गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी गोंडी धर्मपरंपरेची मांडणी समाजाच्या आतून केली. तेव्हा हिस्लॉप यांचा ग्रंथ हा गोंडांचा धर्मग्रंथ नव्हे. एका दिवशी एका गायकाने जे सांगितले, त्याची ती साक्ष होय. आणि मुखपृष्ठावर नावे आहेत ती हिस्लॉप व टेंपल यांची. गाणाऱ्या परधानाचे नाव तेथे नाही. ही उणीव मला फार बोचते.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ साली छापले गेले. पण त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. ते वाचले ते भाविक कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या धर्मग्रामातील एक जुने कपाट उघडले. आत एका कॅटेकिस्टची वही होती. वाळवीने निम्मी पाने खाल्ली होती. उरलेल्या पानांवर गावोगावच्या कुटुंबांची नावे आणि दुष्काळात कोणास किती धान्य दिले याचा हिशेब होता. ती वही माझ्या आधीच्यांनी नव्हे, मीच इतकी वर्षे उघडून पाहिली नव्हती. दोष माझा होता.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढला. विभक्त बांधवांच्या जीवनातील चांगले ते ओळखून त्याचा आदर करावा, हे त्याने आपणास शिकविले. हिस्लॉप यांचे ऋण मानताना मी एवढेच सुचवितो: आपल्या घरातील जुनी पत्रे, बाप्तिस्म्याचे दाखले आणि आजीच्या तोंडची गाणी या उन्हाळ्यात एका वहीत उतरवून घ्यावीत. आणि सांगणाऱ्याचे नाव पहिल्या ओळीत लिहावे.