मोटारींची मंडळं आणि आपण बायका

मोटारीची हौस पुरुषांची, असं आपण धरूनच चालतो. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या मॅनहाइम गावातून बर्था बेंझ नावाची बाई दोन मुलांना घेऊन माहेरी फोर्झहाइमला निघाली. नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची मोटार तिने त्याला न सांगताच बाहेर काढली होती. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तोवर मोटारीने एवढा लांबचा प्रवास कुणीच केला नव्हता. वाटेत इंधन संपलं, ते तिने औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आपल्या आया-आज्यांनी बिघडलेला स्टोव्ह पिन घालून चालू केला, तीच ही अक्कल.

पुढे सातच वर्षांनी, १८९५ मध्ये, पॅरिसला मोटारवाल्यांचा पहिला क्लब निघाला. १८९७ मध्ये लंडनला निघाला. आणि गंमत बघा, लंडनच्या क्लबात बायकांना प्रवेश नव्हता! बायका रडत बसल्या नाहीत. १९०३ मध्ये त्यांनी स्वतःचा 'लेडीज ऑटोमोबाइल क्लब' काढला. तिथे चहापाणी होई, तशीच यंत्राची माहितीही दिली जाई. गाडी आपली असेल तर तिच्या पोटात काय आहे हेही आपल्याला कळलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

ही मंडळं नुसती हौसेखातर निघाली नव्हती. रस्ते मातीचे, पाट्या नाहीत, पंप नाहीत, दुरुस्तीवाला नाही. एकट्याने गाडी घेऊन निघणं म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून चार जणांनी एकत्र यायचं, नकाशे काढायचे, कुठल्या गावात पेट्रोल मिळतं ते लिहून ठेवायचं. इंग्लंडमध्ये १९०५ साली निघालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे सायकलवाले पहारेकरी रस्त्याने फिरत आणि सभासदाला सलाम ठोकत. पुढे त्यात एक खुबी आली. पहारेकऱ्याने सलाम केला नाही तर समजायचं, पुढे पोलीस वेग मोजायला बसलेत. मंडळ म्हटलं की आपल्या माणसांना सांभाळून घेणं आलंच. ते कितपत सांभाळावं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. मुंबईतल्या पहिल्या गाड्यांपैकी एक जमशेटजी टाटांची. टाटा घराणं मूळ नवसारीचं, म्हणजे आमच्या सूरतेच्या शेजारचंच. या घराण्याची फ्रेंच सून, जे. आर. डी. टाटांची आई सुझान, १९०५ मध्ये मोटार चालवायची. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. सूरत-नवसारीच्या मुलींना हे शाळेत कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

१९१४ मध्ये देशभरासाठी मोटारीचा कायदा झाला आणि १९१९ मध्ये मुंबईत 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन' स्थापन झाली. ती आजही आहे, चर्चगेटजवळ वीर नरिमन रस्त्यावर, लालजी नारणजी मेमोरियल इमारतीत. शंभर वर्षं ओलांडून गेलेली ही संस्था. गाडी परदेशात न्यायची तर लागणारं 'कार्ने' नावाचं कागदपत्र देणं, प्रवासाची माहिती पुरवणं, मोटारवाल्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणं, ही तिची कामं. अलीकडच्या वर्षांत तिने बायकांसाठी मोटार रॅलीही भरवल्या. हौस टिकते ती अशा रोजच्या कंटाळवाण्या कामांवर, हे मंडळ काढू पाहणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं.

त्याच १९१९ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज समुद्रात सोडलं. वालचंद आपल्या समाजातले, दिगंबर जैन, म्हणून त्यांचं नाव सभा-समारंभात घेतलं जातं. पण मोटारीसाठी त्यांनी काय सोसलं ते फारसं सांगितलं जात नाही. देशात मोटार बनली पाहिजे म्हणून ते अमेरिकेला जाऊन आले, १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार केला. इंग्रज सरकारने साथ दिली नाही. तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. थोड्याच काळात त्यांना पक्षाघात झाला. शेवटची वर्षं पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली आणि १९५३ मध्ये गुजरातेत सिद्धपूरला ते गेले. पुढे याच कारखान्याची 'फियाट' आणि मग 'पद्मिनी' घरोघरी पोचली. किती जणींची वरात तिच्यातून निघाली असेल! मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा बातमी वाचून पुष्कळांचे डोळे ओले झाले.

जुनी वस्तू जपायची हौस आपल्या लोकांत आहेच. पाटणच्या भोगीलाल लेहरचंद घराण्याचं नाव प्राच्यविद्येच्या संस्थेला आहे, तिथे हस्तलिखितांचा अभ्यास होतो. त्याच घराण्यातल्या प्राणलाल भोगीलालांनी अहमदाबादजवळ दास्तान इथे शंभराहून जास्त जुन्या मोटारींचं संग्रहालय उभं केलं. एका घराने पोथीही जपली आणि मोटारही. जपणाऱ्या हाताला दोन्ही सारख्याच.

जुन्या गाड्यांची पहिली मोठी रॅली दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ मध्ये भरवली. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्यात असाच मोठा मेळा झाला. २०२१ पासून कायद्यानेही अशा गाड्यांना जागा दिली आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, मुदत दहा वर्षं. रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणून ज्यांच्या वाड्यात आजेसासऱ्यांची गाडी ताडपत्रीखाली पडून आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं वाचावं.

आता आमची सूरत. या गावाचं आणि मोटारीचं नातं तऱ्हेवाईक आहे. २०१४ च्या दिवाळीत इथल्या एका हिरे कंपनीने आपल्या कामगारांना ४९१ मोटारी बोनस म्हणून दिल्या, २०१८ मध्ये ६००. सगळ्या देशाने तोंडात बोट घातलं. २०२५ मध्ये 'जितो' या जैन व्यापारी संघटनेची बातमी आली. सभासदांनी एकजुटीने १८६ महागड्या गाड्या घेतल्या, सुमारे १४९ कोटींच्या, आणि २१ कोटी वाचवले. व्यवहार म्हणून चोख आहे, नाव ठेवायला जागा नाही. एकीने काय होतं ते दिसलं. पण किंमत सुटली, गाड्या घरोघर गेल्या, की अशी एकी संपते. मंडळाची एकी त्यानंतर सुरू व्हायला हवी.

आणि सांगायला जरा अवघड, तरी सांगते. आपल्यात श्रावकाला परिग्रहाचं परिमाण सांगितलंय. किती ठेवायचं ते आधी ठरवायचं. मग मोटारीचं मंडळ आपल्याला शोभतं का? मला वाटतं, शोभतं, जर ते गाड्या मोजायला जमत नसेल तर. एका जुन्या गाडीभोवती दहा घरं जमली, तिची दुरुस्ती सगळ्यांनी शिकली, तर दहा घरांची हौस एका गाडीत भागते. परिमाण याहून वेगळं काय असतं?

दुसरी गोष्ट याहून जड आहे. आपली साधू-साध्वी मंडळी वाहनात बसत नाहीत. चातुर्मास सोडला तर आठ महिने पायी विहार. पहाटेच्या अंधुक उजेडात महामार्गाच्या कडेने चालणाऱ्या साध्वींना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, आणि त्याच रस्त्याने शंभरच्या वेगाने मुंबईला जातो. गुजरातेत ठिकठिकाणी विहार सेवेचे तरुण त्यांच्याबरोबर चालतात. गाडीवाल्यांनी मात्र काही केल्याचं फारसं दिसत नाही. विलायतेतलं मंडळ गाडीवाल्याला पोलिसापासून वाचवायला निघालं. आपलं मंडळ चालणाऱ्याला गाडीवाल्यापासून वाचवायला निघालं तर? पहाटे विहाराच्या मागे एक गाडी, दिवे लुकलुकत, पायी चालण्याच्या वेगाने. पेट्रोल कितीसं लागेल?

बायकांनी मंडळ काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, जमेल का? त्याचंही उत्तर सूरतेतच आहे. इथल्याच माणिकचंद हिराचंद जव्हेरींची मुलगी मगनबाई ऐन तरुणपणी विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं. तिने ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई यांना बरोबर घेऊन मुंबईत श्राविकाश्रम काढला. विधवेने उंबरा ओलांडू नये असा तो काळ. त्या मानाने आपल्याला काय ओलांडायचंय? गाडीच्या डाव्या सीटवरून उजव्या सीटवर जायचंय, एवढंच.

कायद्याने संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. सात जणी एका भिशीतही निघतील. पण नोंदणीची घाई नको. आधी सहा महिने नुसतं जमावं. पहिल्या महिन्यात स्टेपनी बदलायला शिकावं, जॅक कुठे लावायचा, पाना कसा धरायचा. दुसऱ्यात ऑइल, कूलंट, टायरची हवा. तिसऱ्यात विम्याचे कागद स्वतः वाचावेत, कारण गाडी आपल्या नावावर आणि कागद मिस्टरांच्या कपाटात, ही घरोघरची कथा. मग रविवारी सकाळी डुमसपर्यंत, पुढे जमलं की सापुताऱ्याचा घाट. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही सभासद करावं, लायसन आणि हौस पुरे. वर्गणी सगळ्यांना परवडेल एवढीच. वेगाची शर्यत नाही, गाडीच्या किमतीची चर्चा नाही आणि महिन्यातून एक पहाट विहारासाठी, हे तीन नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावेत.

सातवी सही झाली की नोंदणी करावी. तोवर वही एकीच्या डिकीत राहिली तरी चालेल.