लाल शाई आणि गाडीतला दिवा

मंडळी, यावेळी बरेच दिवसांनी लिहिते आहे. विषय जरा वेगळा आहे, पण इतिहासाच्या बाईंनी कशातही इतिहास शोधावा, तसे झाले आहे.

दिवाळीच्या आधी आमच्या गाडीत एक लाल दिवा लागला आणि विझेचना. खुर्चीत बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढे एक गोळा, असे चित्र. म्हणजे एअरबॅगचा दिवा. गाडी ह्यांची, २०१३ साली हौसेने वरचे मॉडेल घेतलेली. हे गेल्यावर लेक म्हणाली, विकून टाक. मी विकली नाही. भाजी, बँक, वाचनालय एवढ्यासाठी चालवते. दिवा लागला तरी गाडी चालत होती, म्हणून मी दुर्लक्ष केले. नाताळच्या सुट्टीत नातू आला. मागे बसता बसता पुढे डोकावून म्हणाला, "आजी, हा लाल दिवा कशाचा गं?" मी म्हटले, "काही नाही रे, तो असाच लागतो."

तेहेतीस वर्षे मुलांना शिकवले, पण "असाच लागतो" हे उत्तर मी वर्गात कधी खपवून घेतले नसते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग सवयीप्रमाणे वाचायला बसले. जे हाती लागले ते सांगते.

पूर्वी गाडीत दिवे नसत, काटे असत. तेलाचा दाब किती, पाणी किती तापले, हे काटा दाखवी आणि अर्थ चालकाने लावायचा. पुढे गाड्या सामान्य माणसाच्या हातात आल्या. काट्याकडे कोण बघतो? म्हणून १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेलाच्या आणि बॅटरी चार्जिंगच्या काट्यांऐवजी लाल दिवे बसवले. जाणकार चालकांनी त्यांना नाव ठेवले 'मूर्खांचे दिवे'! काटा आजार वाढताना दाखवतो, दिवा मात्र आजार झाल्यावर ओरडतो, असा त्यांचा आक्षेप. तो खोटा नव्हता. पण न वाचलेल्या काट्यापेक्षा दिसलेला दिवा बरा, हेही खरेच.

दुसरा टप्पा ब्रेकचा. जुन्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असे. तो फुटला की पाय थेट फळीपर्यंत. अमेरिकेत १९६८ पासून कायद्याने दोन स्वतंत्र मार्ग आले. एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवतो. आता यातली गंमत बघा. दुसरा मार्ग काम करतो म्हणूनच पहिला फुटल्याचे चालकाला चटकन कळत नाही. म्हणून त्याच नियमात ब्रेकचा दिवाही सक्तीचा झाला. आधार जितका चांगला, तितका दोष लपून राहतो. घरातही असेच असते. मोठी सून सगळे सांभाळून घेते आणि धाकट्याचे काय बिघडले ते कोणालाच दिसत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांना अमेरिकन सरकारने सक्ती केली की पुढच्यांनी पट्टा लावल्याखेरीज इंजिन सुरूच होता कामा नये. लोक भयंकर चिडले. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी हटून बसे! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या काँग्रेसने ती सक्ती रद्द केली. उरला एक दिवा आणि आठ सेकंदांपेक्षा जास्त न वाजणारा बझर.

मला वाटते, दिव्याचा सगळा इतिहास या दोन टोकांच्या मधला आहे. काटा म्हणतो, तुझे तू समजून घे. कुलूप म्हणते, तुला समजत नाही, मीच ठरवतो. दिवा सांगतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. म्हणून तर तो इतका टोचतो.

आता एअरबॅग. जॉन हेट्रिक नावाचे एक अमेरिकन गृहस्थ १९५२ साली पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन फिरायला निघाले होते. काहीतरी चुकवताना गाडी खड्ड्यात गेली. त्या क्षणी दोघांनीही मुलीला वाचवायला नकळत हात आडवे टाकले. घरी आल्यावर त्यांना वाटले, हे हाताचे काम एखादी वस्तू का करू शकणार नाही? १९५३ साली त्यांना पेटंट मिळाले, पण प्रत्यक्षात एअरबॅग रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी आणि २०२१ अखेरपासून शेजारच्या सीटसाठीही ती सक्तीची झाली.

ब्रेक आपण रोज दाबतो, एअरबॅग मात्र कधी वापरून बघता येत नाही. ती ठीक आहे का, हे गाडीतला संगणकच तपासतो आणि सांगायला त्याच्याजवळ तो एकच दिवा. किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात, ती त्यांची हजेरी. लागून विझला तर ठीक. लागूनच राहिला तर दोष आहे आणि अपघातात पिशवी फुगेलच याची खात्री नाही. आणि मुळीच लागला नाही तर? तर दिवाच गेला आहे, किंवा कोणीतरी तो मुद्दाम घालवला आहे. जुनी गाडी घेताना हे जरूर बघा.

हे वाचून दुसऱ्या दिवशी मी गॅरेजला गेले. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. त्याने स्कॅनर लावला आणि विचारले, "बाई, हॉर्न वाजतो का?" हॉर्न मधूनमधून दगा देत होता, पण ती वेगळी तक्रार आहे असे मी समजत होते. तो म्हणाला, "दोन्ही एकच." स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते, तिला ते क्लॉक स्प्रिंग म्हणतात. चाक फिरले तरी हॉर्नची आणि एअरबॅगची वायर तिच्यामुळे जोडलेली राहते. ती आतून तुटत आली होती. कधी नुसता सीटखालचा पिवळा प्लगही ढिला असतो म्हणे, पण बॅटरी काढल्याशिवाय आपण तिथे हात घालायचा नाही.

मग त्याने खर्च सांगितला, साडेसहा हजार. माझा चेहरा बघून हळूच म्हणाला, "दोन-तीनशे रुपयांत दिवा विझवताही येतो. पुष्कळ लोक करून घेतात. बाई, दिवा घालवू की दोष घालवू?"

लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, बारा वर्षांच्या गाडीवर एवढे पैसे?" मी तीन दिवस मागून घेतले.

त्या तीन दिवसांत मला १९८४ सालचा सहावीतला एक मुलगा आठवत राहिला. त्याला धड वाचता येत नव्हते. प्रगतिपुस्तकात नापासाच्या गुणांखाली लाल रेघ ओढायची पद्धत होती. रेघ दिसली की बाप त्याला शाळेतून काढणार होता, म्हणून मी मराठीचे गुण पस्तीस केले. वाटले, पोराचे भले केले. नववीत तो सगळ्याच विषयांत बुडाला आणि शाळा सुटलीच. दोष त्याच्या वाचनात होता, लाल रेघेत नव्हता. मी रेघ पुसली आणि पुढच्या तीन वर्षांत कोणाही शिक्षकाला तो दोष वेळेवर दिसला नाही.

चौथ्या दिवशी जाऊन सांगितले, "अरे, दोष घालव."

त्याने जाता जाता शिकवलेले तुमच्यासाठी लिहून ठेवते. तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन ताबडतोब बंद करा. गॅरेजपर्यंत तरी जाऊ, असे म्हणू नका. ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक बघा, मग ब्रेक ऑइल. तेल कमी असेल तर नुसते भरून विसरू नका, पॅड झिजलेत की गळती आहे ते तपासा. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच असेल तर साधा ब्रेक लागतो, सावकाश जाता येते. दोन्ही एकदम लागले तर गाडी हलवू नका. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन दिवसांत दाखवा, लुकलुकत असेल तर लगेच थांबा. एअरबॅगच्या दिव्याने गाडी अडत नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त टाळला जातो.

नातू मे महिन्यात परत येणार आहे. मी त्याला फोनवर सांगितले, "तो दिवा असाच लागत नव्हता, आजी चुकली." तो म्हणाला, "मला माहीत होतं."

असो. आपापल्या गाडीतली हजेरी उद्या सकाळी जरूर घ्या आणि कळवा.