कमान किती वाकवावी?

धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या सरावाच्या खांबाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. कसरत खांबावरची असो वा जिम्नॅस्टिक्सची, कणा मागे पुष्कळ वाकवावा लागतो. कंबर दुखू लागली की ‘अंग आखडलंय, आणखी ताण दे’ असा सल्ला मिळतो. तो कितपत बरोबर आहे?

या प्रश्नाला वैद्यकाने दोन उलट उत्तरे दिली. १९३७ साली अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ पॉल विल्यम्स यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम सुचवले. कमरेचा बाक हेच दुखण्याचे मूळ, म्हणून तो कमी करावा, असे त्यांचे मत होते. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण, एक टोक उचललेल्या टेबलावर योगायोगाने पालथा पडून राहिला. कंबर मागे वाकलेल्या त्या अवस्थेत काही मिनिटांतच त्याचे दुखणे कमी झाले. यातून मागे वाकण्याचे उपचार पुढे आले.

यांपैकी खरे कोणते? कंबरदुखी हा एकच रोग नाही, त्यामुळे एकच उपायही नाही. १९७६ मध्ये जॅक्सन, विल्ट्सी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १०० जिम्नॅस्ट मुलींच्या कमरेची क्ष-किरण चित्रे तपासली. ११ जणींच्या पाचव्या कटिमणक्याच्या मागील अरुंद भागात हाड दुभंगलेले आढळले. तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच इथे घडते. अशा कमरेला आणखी मागे ताणणे म्हणजे तीच तार पुन्हा वाकवणे.

खांदे किंवा मांडीचे पुढचे स्नायू आखडलेले असले, तर कमानीत त्यांच्या वाट्याचे वाकणेही कमरेला करावे लागते. म्हणून ताण द्यायचा तो तिथे. पोटाच्या व पाठीच्या स्नायूंना मात्र बळ द्यायचे. मागे वाकताना मुलाची कंबर दुखत असेल, तर शिक्षकांनी कमानी थांबवून त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. ते दुखणे आळसाचे लक्षण समजू नये.