बटाटा हे नाव मुळात रताळ्याचं

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी कसबा बावड्यात भाजीवाल्यांपुढं रताळ्यांचे ढीग लागतात. शेजारी बटाटे असतातच. उपवासाच्या ताटात दोघंही इतके मुरलेत, की पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडं दोन्ही नव्हते हे सांगून पटत नाही. त्यांच्या नावांची कथा तर त्याहून अजब.

कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर उतरला, तेव्हा तिथले ताईनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. खलाशांनी कंदाबरोबर नावही उचललं. आपला बटाटा पेरूच्या डोंगरातून पुढं युरोपात गेला. त्याचं पेरूतलं नाव ‘पापा’. व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसकडं १५८८ मध्ये दोन बटाटे भेट आले, त्यानं आपल्या ग्रंथात ‘पापा’च लिहिलं. घोळ घातला जॉन जेरार्डनं. १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात त्यानं याला ‘बटाटा व्हर्जिनियाना’ ठरवलं. बटाटा मुळी व्हर्जिनियाचा नव्हताच! त्या ग्रंथातल्या स्वतःच्या चित्रात जेरार्डच्या हाती बटाट्याचीच डहाळी आहे, म्हणजे झाडावर त्याचं प्रेम होतं. नाव मात्र चुकलं.

मला मोठा वाटतो तो बाझलचा गास्पार बाउहिन. जेरार्डच्या आदल्याच वर्षी त्यानं बटाटा वांग्याच्या सोयऱ्यांत बसवला आणि ‘सोलानम ट्युबरोसम’ म्हटलं. लिनियसनं १७५३ मध्ये तेच कायम केलं.

आपल्याकडं ‘बटाटा’ शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि पापाला चिकटला. मग रताळ्याला काय म्हणायचं? संस्कृतात ‘रक्तालु’ म्हणजे कोनफळाच्या जातीचा तांबडा कंद. त्याचं नाव या तांबड्या सालीच्या पाहुण्याला मिळालं.

खरं तर या दोघांचं कूळ वेगळं. बटाटा हे जमिनीखालचं खोड. त्याला डोळे असतात, डोळ्यासकट फोड लावली की कोंब फुटतो. रताळं म्हणजे खरंखुरं मूळ, त्याची लागण वेलाचे तुकडे लावून करतात. फूल आलंच, तर जांभळट, कर्ण्यासारखं, ओढ्याकाठच्या बेशरमीची आठवण करून देणारं. रताळं आणि बेशरम, दोन्ही इपोमिया या एकाच वंशातली. लिनियसनं रताळ्याला ‘कॉन्व्होल्व्ह्युलस बटाटास’ म्हटलं, लामार्कनं १७९३ मध्ये ‘इपोमिया बटाटास’ केलं. पहिला शब्द बदलला, ताईनोंचा शब्द दोघांनीही रताळ्याकडंच ठेवला.