पडलेला नायक आणि शहापूरचे पाणी

सुपरहिरोचा पहिलाच चित्रपट पडला की निर्मात्यासमोर दोन वाटा उरतात. पात्र कायमचे गुंडाळून ठेवायचे, किंवा नवा नट, नवा दिग्दर्शक घेऊन तीच कथा पहिल्यापासून मांडायची. या दुसऱ्या वाटेला चित्रपटव्यवसायात ‘रीबूट’ म्हणतात. हॉलिवूडने ती अनेकदा धरली. आपल्याकडे बहुधा पहिलीच धरली जाते. निखिल महाजन यांच्या ‘बाजी’मधला (२०१५) श्रेयस तळपदे यांनी रंगवलेला मराठी सुपरहिरो पुन्हा पडद्यावर आला नाही. विक्रमादित्य मोटवाने यांचा हिंदी ‘भावेश जोशी सुपरहिरो’ १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर आपटला. घरबसल्या पाहणारा चाहतावर्ग त्याला मागाहून मिळाला, पण दुसरा भाग निघाला नाही. या भावेश जोशीशी शहापूर-मुरबाडचा संबंध आहे, कारण त्याच्या लढ्याचा विषय पाणी आहे.

२०११च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारावलेले मुंबईतले तरुण कागदी पिशव्यांचे मुखवटे घालून लहानसहान अन्याय चव्हाट्यावर आणतात. त्यांतला भावेश पाणीचोरीचा माग काढू लागतो आणि मारला जातो. मग त्याचा मित्र सिकंदर मुखवटा चढवतो. जलवाहिनी, टँकर, राजकारणी ही साखळी चित्रपटात नीट उलगडते. मात्र जलवाहिनीत पाणी येते कुठून, या प्रश्नापर्यंत कथा पोहोचत नाही.

त्याचे उत्तर आमच्या तालुक्यात आहे. तानसा धरण १८९२मध्ये पूर्ण झाले. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७चा. पुढे भातसा आले. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. याच तालुक्यात कसाऱ्याच्या बाजूच्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात रिकामे हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. चित्रपटातला टँकर चोराचा आहे. पाड्यावर त्याच टँकरचा आवाज आला की पोरे धावत सुटतात.

पडलेला नायक पुन्हा उभा करताना काय बदलावे, हे ‘हल्क’च्या उदाहरणावरून समजते. अँग ली यांचा ‘हल्क’ २००३च्या जूनमध्ये आला. पहिल्या आठवड्याअखेरीस गर्दी झाली. दुसऱ्या आठवड्याअखेरीस कमाई सुमारे सत्तर टक्क्यांनी घसरली. बापलेकातल्या जुन्या जखमा उकलण्यात चित्रपट रेंगाळला होता. मार्व्हलने २००८मध्ये लुई लेटेरिए या दिग्दर्शकाकडून ‘द इन्क्रेडिबल हल्क’ करवून घेतला. नायकाची जन्मकथा श्रेयनामावलीतच उरकली आणि गोष्ट थेट ब्राझीलमध्ये लपलेल्या, पळून थकलेल्या माणसापासून सुरू केली. जगभरातली कमाई फारशी वाढली नाही, पण पात्र तगले. २०१२च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये मार्क रफेलोच्या रूपाने तेच पात्र लोकांचे लाडके झाले. पोशाख आणि नट तर बदललेच, पण खरा फरक गोष्ट कुठून सुरू करायची या निर्णयाने पडला.

भावेश जोशीबाबतही हाच प्रश्न आहे. मित्राच्या मृत्यूनंतर ती कथा एकट्या माणसाच्या सूडाची होते, आणि पाण्याचा प्रश्न मागे पडतो. एकटा नायक किती पुरा पडतो, याचा दाखला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर मिळतो. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी १९४२च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारला. डोंगरांतून मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून त्यांनी शहराचा वीजपुरवठा तोडला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवालांना मुखवट्याची गरज पडली नाही. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी आणि गावोगावी शाळा हे त्यांचे काम आधीचे होते. मनोरे नंतर पडले. त्यांच्यामागे गावे होती, म्हणूनच ब्रिटिश सरकारला त्यांना शोधायला डोंगर पालथे घालावे लागले.

मुंबईचे दिवे आणि मुंबईचे नळ, दोन्हींची वाट सह्याद्रीच्या या उतारांवरून जाते. कोतवालांनी ती वाट ओळखली होती. भावेश जोशी मात्र तिच्या शेवटच्या टोकाशी लढला. उद्या कोणी ही कथा नव्याने करायला घेतली, तर तिचा पहिला प्रसंग मुंबईच्या गल्लीत नको, भातसाच्या भिंतीखालच्या पाड्यावर हवा. तिथल्या पोरीच्या डोक्यावर हंडा असावा आणि समोर काठोकाठ भरलेला जलाशय दिसत असावा. खलनायक कोण, हे प्रेक्षकाला मग वेगळे सांगावे लागणार नाही.