'बिका हुआ माल वापस नहीं होगा' : पावतीवरील एका ओळीचा इतिहास

आपल्या जबलपुरात गोलबाजार असो, सदर असो की जयंती कॉम्प्लेक्स, दुकानातून घेतलेल्या पावत्या घरी एकदा काढून पाहाव्यात. पुष्कळ पावत्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी छापलेल्या आढळतील. पहिली, 'भूल-चूक लेनी-देनी'. दुसरी, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा'. हिशेबात चूक झाली तर दुरुस्त करू, असे पहिली ओळ सांगते. मालात चूक निघाली तर तुमची तुम्ही निस्तरा, असे दुसरी बजावते. गंमत अशी की आपण पहिली ओळ वाचत नाही आणि दुसरी मात्र सरकारी कायदा असल्यासारखी मान्य करतो. 'फैशन के दौर में गारंटी की इच्छा न करें' ही पाटी तर आपण हसून सोडून देतो.

या दुसऱ्या ओळीला कायद्याचा आधार किती, हा प्रश्न विचारावा असे वाटले. उत्तर शोधता शोधता जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास समोर आला. त्यात आपल्या मराठी माणसांचा वाटाही मोठा आहे, म्हणून तो स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

'घेणाऱ्याने पाहून घ्यावे' हे जुन्या व्यापाराचे तत्त्व. आठवडी बाजारात ते चुकीचेही नव्हते. बैलाचे दात पाहता येतात, धान्य मुठीत घेऊन वास घेता येतो, लुगड्याचा पोत बोटांनी कळतो. पण विजेची वस्तू आली आणि हे तत्त्व लंगडे पडले. मिक्सरच्या मोटरचे वाइंडिंग कसे आहे, गीझरचा थर्मोस्टॅट वेळेवर तुटेल की नाही, इस्त्रीचे इन्सुलेशन किती टिकेल, हे काउंटरवर उभे राहून कोणाला कळणार? आम्हा विजेची कामे करणाऱ्यांनासुद्धा मेगर लावल्याशिवाय सांगता येत नाही. दुकानदार प्लग लावून दिवा पेटलेला दाखवतो, यंत्र फिरलेले दाखवतो. त्यातून एवढेच सिद्ध होते की वस्तू त्या क्षणी चालू होती.

इंग्लंडमध्ये 1893 साली मालविक्रीचा कायदा झाला. त्याच धर्तीवर आपल्याकडे 1930 चा मालविक्री कायदा आला आणि तो आजही लागू आहे. त्याच्या कलम 16 मध्ये महत्त्वाची गोष्ट आहे. ग्राहकाने आपली गरज सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून, त्याच्या नेहमीच्या धंद्यातील वस्तू घेतली, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. तसेच वर्णनावरून घेतलेला माल बाजारात खपण्याजोग्या दर्जाचा हवा. म्हणजे 1930 सालीही ग्राहक अगदी उघडा पडलेला नव्हता.

मग अडचण कोठे होती? त्याच कायद्याच्या कलम 62 मध्ये अशी मोकळीक आहे की दोन्ही बाजूंच्या करारान्वये या गर्भित अटी वगळता येतात. पावतीवरील ती ओळ म्हणजे असा करार झाल्याचा आव आहे. वास्तविक पावती हाती पडते पैसे दिल्यानंतर. पण हा मुद्दा मांडायचा कोठे? दिवाणी न्यायालयात. दीडशे रुपयांच्या इस्त्रीसाठी वकील, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षे तारखा कोण सोसणार? हक्क पुस्तकात होता, पण त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता नव्हता.

येथे आम्हा रेल्वेवाल्यांना ओळखीचे एक उदाहरण देतो. रेल्वे केबल घेते, रिले घेते, पंखे घेते. ऑर्डरमध्ये स्पेसिफिकेशन लिहिलेले असते, तपासणी होते, वॉरंटीची अट असते. माल नापास झाला की पुरवठादाराला कळवले जाते आणि तो त्याने स्वखर्चाने उचलायचा असतो. मुदतीत न उचलल्यास पडून राहिलेल्या जागेचे भाडेही लागते. एवढ्या मोठ्या खरेदीदाराला 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' असे म्हणण्याची कोणाची हिंमत नाही. सामान्य ग्राहकापाशी स्टोअर्स डेपो नाही, इन्स्पेक्टर नाही, प्रयोगशाळा नाही. जे सामर्थ्य एकट्याजवळ नाही ते एकत्र येऊन मिळवावे, या विचारातून ग्राहक चळवळ उभी राहिली.

15 मार्च 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तेथील काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क. आपल्याकडे 1966 साली मुंबईत काही गृहिणींनी पुढाकार घेऊन 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था सुरू केली. पुढे 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेला हा माणूस. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिच्या कामाची रीत साधी होती. कुटुंबांनी गट करावेत, महिन्याचा किराणा एकत्र घाऊक भावाने आणावा आणि आपसात वाटून घ्यावा. गीतकार-संगीतकारांच्या दुनियेतले सुधीर फडके हेही या कामात बिंदुमाधवांच्या बरोबर होते. वजन, भाव आणि भेसळ यांबद्दल प्रश्न विचारण्याची सवय अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांना या गटांतून लागली. ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा हवा, ही मागणीही पंचायतीने लावून धरली.

1984 साली एकाधिकार नियंत्रण कायद्यात दुरुस्ती होऊन 'अनुचित व्यापारी प्रथा' ही कल्पना आपल्या कायद्यात आली. 1985 साली संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आणि 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहर उमटली. म्हणूनच 24 डिसेंबर हा आपला राष्ट्रीय ग्राहक दिन.

या कायद्याने न्यायालयाबाहेरचा नवा रस्ता बांधला: जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी तीन स्थानके. साध्या कागदावर तक्रार, वकिलाची सक्ती नाही. वस्तू सदोष ठरली तर दोष दूर करा, नवी वस्तू द्या किंवा पैसे परत करा, शिवाय नुकसानभरपाई द्या, असे आदेश देण्याचा अधिकार मंचाला मिळाला. दोष डोळ्यांनी दिसत नसेल तर वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठविण्याची तरतूदही झाली. विजेच्या वस्तूंच्या बाबतीत मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते. गृहिणीजवळ नसलेला मेगर कायद्याने तिच्या हाती दिला!

पुढचे काम न्यायालयांनी केले. 1995 सालचा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स हा खटला महाराष्ट्र राज्य आयोगापासून सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. कारण होते सदोष यंत्र. व्यापारी हेतूने घेतलेल्या यंत्राचा खरेदीदार 'ग्राहक' नाही, म्हणून तक्रारदार हरला. पण त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र किंवा वाहन घेणारा माणूस ग्राहकच आहे. म्हणून पिठाची चक्की चालवून घर चालविणाऱ्या बाईलाही जळक्या मोटरबद्दल दाद मागता येते.

आता मूळ ओळीकडे येऊ. 1999 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राज्यांना कळविले की 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे पावतीवर छापणे योग्य नाही. तरी छपाई थांबली नाही. पुढे 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीतच लिहिले आहे: सदोष माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास, पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, नकार देणे. पावती न देणे हीदेखील त्याच यादीतील प्रथा आहे. म्हणजे पावतीवरची ती ओळ सदोष मालाच्या बाबतीत कायद्याच्या विरुद्ध जाते. मात्र नीट लक्षात घ्यावे, हा हक्क सदोष मालापुरता आहे. रंग आवडला नाही किंवा दुसरीकडे स्वस्त मिळाले म्हणून वस्तू परत घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही.

नव्या कायद्यातील आणखी एक सुधारणा आपल्यासारख्या बदलीवाल्यांच्या सोयीची आहे. पूर्वी तक्रार विक्रेत्याच्या गावी किंवा जेथे व्यवहार झाला तेथे करावी लागे. भुसावळला फ्रिज घेतला आणि बदली जबलपूरला झाली की प्रकरण संपलेच. आता आपण राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत हवी.

जबलपुरातही हे काम चालते आणि त्यातही मराठी नाव आहे. 'नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंच' या संस्थेचे डॉ. पी. जी. नाजपांडे यांनी उच्च न्यायालयात अनेक जनहित याचिका केल्या आहेत आणि वीजदरवाढीवर वेळोवेळी हरकती नोंदविल्या आहेत. आपण मराठीत 'ग्राहक' म्हणतो, येथे हिंदीत 'उपभोक्ता' म्हणतात. कायद्याला दोघेही मान्य आहेत: विकत घेणारा, आणि त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारा. भावाने दिलेला मिक्सर बिघडला तर वहिनींनाही तक्रार करता येते.

आमच्या परिचयातील एका सहकाऱ्याच्या घरी इमर्शन रॉडने पहिल्याच आठवड्यात झटका दिला. दुकानदाराने पावतीवरील ओळ दाखविली. सहकाऱ्याने भांडण केले नाही. घरी येऊन अर्ध्या पानाचे पत्र लिहिले: खरेदीची तारीख, दोष, 30 दिवसांची तरतूद आणि आपली मागणी. सोबत पावतीची झेरॉक्स जोडली आणि पत्र रजिस्टर्ड डाकेने पाठविले. चौथ्या दिवशी पैसे परत आले. प्रकरण आयोगापर्यंत गेलेच नाही. बहुतेक वेळा एवढेच पुरते, पण त्यासाठी पावती असावी लागते. 'बिल के बिना सस्ता पड़ेगा' म्हणून चार पैसे वाचविणारा ग्राहक आपला हक्क तेथेच काउंटरवर ठेवून येतो.

विजेच्या वस्तूत प्रश्न फक्त पैशाचा नसतो. बिघडलेला रेडिओ गप्प बसतो, पण बिघडलेला गीझर जीव घेतो. इस्त्री, इमर्शन रॉड, गीझर, वायर, स्विच यांवर आयएसआय चिन्ह 2003 च्या आदेशाने सक्तीचे केले आहे. चिन्हाबरोबर परवाना क्रमांक आहे का तेही पाहावे. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो. घरात अर्थिंग नीट असणे ही मात्र आपली जबाबदारी, तिचा दोष दुकानदारावर ढकलू नये.

दुकानदार आपला शत्रू नाही, हेही सांगितले पाहिजे. तोही कंपनीकडून बंद खोक्यातच माल घेतो. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामील करावे. आधी दुकानदाराशी शांतपणे बोलावे, मग लेखी कळवावे, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि शेवटी आयोग.

जाता जाता आपल्या मंडळासाठी एक सूचना. उत्सवासाठी दरवर्षी माळा, फोकस, वायर यांची खरेदी होते. नोंदणी असो वा नसो, व्यक्तींचा समूहही या कायद्याखाली तक्रार करू शकतो. तेव्हा पावती मंडळाच्या नावाने घ्यावी आणि वर्गणीच्या हिशेबाबरोबर जपून ठेवावी. मंडपाखाली आपलीच मुले खेळत असतात. तेथे लागणारी प्रत्येक वायर रेल्वेच्या तपासनिसाने पाहावी तशी पाहून घेतली, तर ज्यांनी या हक्कासाठी वर्षे घालविली त्यांच्या कष्टाचे चीज होईल.