अपिलाची वाट

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात मी वकिलांकडे कारकून आहे. निशाण्या लावायच्या, नोटिशीचा भत्ता भरायचा, नकला काढायच्या, हे रोजचं काम. निकाल विरुद्ध गेला की पक्षकार विचारतो, "भाऊसाहेब, आता म्होरं कुठं जायचं?"

त्याच्या प्रश्नामागे दीडशे वर्षं आहेत. करमाळा, सांगोल्यासारख्या तालुक्याला कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, मोठ्या दाव्यांना वरिष्ठ स्तर, वर जिल्हा न्यायाधीश, ही शिडी १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याची. तेव्हा त्यांना दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणत. अक्कलकोट संस्थान होतं. ते १९४८ साली विलीन झाल्यावर या शिडीला लागलं.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १८७९ चा कायदा. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा आला. सावकाराने रोखा पुढे केला की हुकूमनामा, हे थांबलं. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन पहिल्या देण्याघेण्यापासून हिशेब उकलायचा. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. दावा लावण्याआधी सरकारने नेमलेल्या मध्यस्थाकडे तडजोडीचा प्रयत्न करायचा. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावमुन्सफानेच ऐकायचे. छोट्या दाव्यांत अपील नव्हतं; त्याऐवजी विशेष न्यायाधीश निकाल तपासत. १८८७ पासून ते काम न्यायमूर्ती रानड्यांकडे होतं. तिथूनच ते १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयात गेले. गरीब माणूस वरच्या कोर्टाची पायरी चढू शकत नाही, म्हणून तपासणारा अधिकारीच खाली पाठवायचा, हा विचार आजही मला थोर वाटतो.

पुढे मात्र पायरी चढायची ती पक्षकारानेच. २०२५ पर्यंत दुसरं अपील म्हणजे मुंबई, साडेचारशे किलोमीटर. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस धरायची, पिशवीत निकालाची नक्कल, हुकूमनामा, वकीलपत्र. दुसऱ्या अपिलात साक्षीपुरावा पुन्हा उकरत नाहीत, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल होतं. हे मुंबईत ऐकून माघारी फिरलेले शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च कुठल्याच हुकूमनाम्यात येत नाही.

औरंगाबादला खंडपीठ १९८१ साली बसलं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१(३) कलमाखाली मुख्य न्यायमूर्तींना तो अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केलं. त्याच कलमाखाली कोल्हापूरला फिरतं खंडपीठ यायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. सोलापूरकराची निम्मी वाट वाचली, हे खरं. करमाळ्याच्या माणसाला मात्र कोल्हापुरापेक्षा पुणंच जवळ आहे, आणि त्याची अडचण अजून सुटलेली नाही.

तेव्हा पक्षकारांना एवढंच सांगतो: दिवाणी निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयातल्या अपिलाला ९०. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात.